खोक्यातली खडखड

ईस्टर उद्यावर आला होता आणि इलोइसाच्या गाडीच्या डिकीतून खडखड येत होती.

गाडी म्हणजे जमिनीला पोट लावून चालणारी, जांभळी, लांबलचक. एस्पानोला गावात दर ईस्टरला असल्या गाड्या मुख्य रस्त्यावरून संथ फिरतात आणि त्यांत ही गाडी बावीस वर्षं इलोइसा स्वतः चालवत आली. शेजारी नवरा, फिदेन्सिओ आर्चुलेटा, मांडीवर हात ठेवून गप्प बसायचा. गेल्या ऑक्टोबरात ती गेली. यंदा गाडी त्यांची लेक बेर्नाडेट चालवणार होती, आणि आईची गाणी अख्ख्या रस्त्याला ऐकू जावीत म्हणून तिला डिकीत सबवूफर, म्हणजे घुमणारा मोठा स्पीकर, हवा होता. "विकतचं लाकडी खोकं आणते त्याला," असं ती म्हणाली मात्र, फिदेन्सिओ ताडकन उठला. चाळीस वर्षं गावाची कपाटं बनवणाऱ्या माणसाच्या घरात विकतचं खोकं!

खोकं घरीच करायचं ठरवण्यामागचं खरं कारण वेगळंच होतं. दहा दिवसांपूर्वी डेन्व्हरच्या एका इस्पितळाचं पाकीट आलं होतं. बेर्नाडेट एक्स-रे काढायचं काम करायची, त्यामुळे पाकिटात नोकरीचं बोलावणं असणार हे उघड होतं. पण ती बोलेना आणि हा विचारेना. या घरात बापलेकीचं बोलणं कायम इलोइसामार्फत चालायचं, आणि आता ती सोयच राहिली नव्हती. आठवडाभर दोघं एका खोक्यावर वाकली तर ती आपणहून विषय काढेल, अशी म्हाताऱ्याला आशा होती. ती जावी असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.

मंगळवारी घोळ झाला. सांध्यांतून आत ओघळलेला गोंद पुसायला त्यानं स्पीकरच्या भोकातून अख्खं डोकं खोक्यात घातलं, आणि दुपारी बघतो तर उजव्या कानातलं ऐकायचं मशीन गायब. डावा कान करवतीच्या आवाजानं केव्हाच गेलेला. त्यानं भुसा चाळला, खिसे उलटे केले, कुत्र्याकडेही संशयानं पाहिलं. लेकीला मात्र काही सांगितलं नाही. आधीचं मशीन त्यानं शर्टाच्या खिशासकट धुवायला टाकलं होतं, आणि तेव्हा तिनं जे सुनावलं ते त्याला मशीनशिवायही स्वच्छ ऐकू आलं होतं.

तेव्हापासून तो नुसती मान डोलवत होता. बुधवारी बेर्नाडेट गॅरेजच्या दारात उभी राहून बराच वेळ काहीतरी बोलली आणि शेवटी तिनं रस्त्याकडे हात केला. बाजारात निघाली असेल, असं धरून तो म्हणाला, "जा, जा. माझी काळजी नको. इथलं मी बघतो." ती गेली, पण घरात. रात्री जेवायला आली तेव्हा डोळे सुजलेले होते. आईची आठवण आली असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि तिच्या ताटात मक्याच्या पिठाची वाफवलेली एक तमाली जास्त वाढली.

आणि आता शनिवारी गाणं लावलं की ही खडखड. निदान बाकीचे तरी तसं म्हणत होते.

"बाबा, खोक्यातून येतोय हो आवाज."

तिनं खोक्याकडे बोट दाखवलं, तेवढं त्याला पुरलं. "माझ्या खोक्यातून? माझं कपाट कधी कुरकुरलंय का? गाडीत शोध!"

शेजारी राहणारा त्याचा चुलतभाऊ तिबुर्सिओ बोलावण्याची वाट न पाहता पाना घेऊन हजर झाला. त्यानं नंबरप्लेट काढली. खडखड तशीच. मग स्टेपनी निघाली, मागची सीट निघाली, आरशाला टांगलेली इलोइसाची जपमाळ निघाली. तासाभरात अर्धी गाडी अंगणात पसरली आणि उरलेली अर्धी खडखडत राहिली. फिदेन्सिओ दोघांचे चेहरे बघून मत द्यायचा. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या की म्हणायचा, "हां, आला."

"फिदे, नीट ऐकून सांग, नक्की कुठून येतोय," असं म्हणत तिबुर्सिओनं त्याला खांद्याला धरून डिकीत वाकवलं. जुनं इंजिन चालू होतं, सगळी गाडी थरथरत होती. म्हाताऱ्यानं डोळे मिटून गवयासारखी मान हलवली. "डावीकडून. थोडा खालून."

मागं वळून पाहतो तर दोघं त्याच्याकडे टक लावून बघत होते. बेर्नाडेट जवळ आली आणि त्याच्या उजव्या कानापाशी ओरडली, "बाबा, गाणं बंद केलंय! मशीन कुठंय तुमचं?"

"त्याला सुट्टी दिलीय. सणाची."

"शेवटचं कधी घातलं होतंत?"

त्यानं उजवा कान चोळला. "खोक्यात डोकं घालायच्या आधी."

तिबुर्सिओ अंगणातच फतकल मारून हसत सुटला. बेर्नाडेटनं स्पीकरचे आठ स्क्रू काढले, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि आत भरलेल्या कापसाखालून मशीन बाहेर काढलं. ते तिनं रुमाल-फडकं काही न शोधता आपल्या शर्टालाच पुसलं, बापाच्या कानात बसवलं, आणि अचानक थबकली.

"म्हणजे मंगळवारपासून तुम्हाला काही ऐकू येत नव्हतं?"

"थोडं थोडं…"

"मग बुधवारी मला 'जा जा' म्हणालात ते?"

"तू बाजारात चालली होतीस ना?"

बेर्नाडेटनं कपाळावर हात मारला. "अहो, डेन्व्हरच्या नोकरीचं विचारत होते मी! चार दिवस हिंमत गोळा केली, आणि तुम्ही नुसती मान डोलवत म्हणालात, माझी काळजी नको. मला वाटलं, आई गेली, आता यांना मीही नकोशी झालेय. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. अशी नकोशी होऊन जायचं नव्हतं मला, म्हणून काल मी त्यांना नाही म्हणून सांगायला फोन उचलला नि ठेवला. शेवटी सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली."

तिबुर्सिओ पहिल्यांदाच कामाला आल्यासारखा नंबरप्लेट उचलून पुढच्या बाजूला गेला. नंबरप्लेट मागची होती.

"आता मशीन आहे कानात," ती म्हणाली. "मी जाऊ?"

एकेक अक्षर कानात शिरलं. इलोइसा असती तर त्यानं तिला सांगितलं असतं आणि तिनं ते गोड करून लेकीपर्यंत पोचवलं असतं.

"नको जाऊस," तो म्हणाला. "तू गेलीस की घर खायला उठेल मला. सकाळी तुझ्या कपाची खणखण ऐकली की मी उठतो. नको जाऊस, पोरी."

बेर्नाडेटनं त्याला घट्ट मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. मग डोळे पुसत, हसत म्हणाली, "झालं तर मग. एवढंच ऐकायचं होतं मला. आता खुशाल जाते."

फिदेन्सिओनं मशीन काढलं, त्यावर फुंकर मारली, पुन्हा कानात बसवलं.

"पुन्हा बोल. हे बिघडलंय."