खिळ्यावरचं लाल फडकं

सोमवारी सकाळी साडेदहाला हिमानी राऊत विज्ञान प्रदर्शनाचा अर्ज घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीकडे निघाली आणि खिडकीशेजारच्या खिळ्यावर लाल फडकं दिसताच आल्या पावली परत फिरली.

कुंभवलीच्या पुढच्या खाडीपाडा शाळेत नव्या शिक्षकाला वेळापत्रकाच्याही आधी हा खिळा दाखवतात. शाळेच्या शिपाई येसूबाई माहीमच्या कोळीवाड्यातल्या. बंदरावर धोक्याचा बावटा चढला की होडी लोटायची नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. शाळेतही त्यांनी तीच सोय करून ठेवली होती. सकाळी मुख्याध्यापक चुरी सरांना पाणी देताना त्या सरांचा चेहरा बघत आणि बाहेर येऊन फडकं टांगत. पिवळं म्हणजे खुशाल जा. पांढरं म्हणजे सरांचा चहा होऊ द्या. लाल म्हणजे आज राहू द्या. नऊ वर्षं हे चाललं होतं आणि चुरी सरांच्या लेखी ती टेबल पुसायची फडकी होती.

हिमानी विज्ञान शिकवणारी, एम.एस्सी. झालेली. तिचा आधी विश्वास बसला नाही, म्हणून तिनं वहीत नोंदी ठेवल्या. एकसष्ट दिवसांत येसूबाईंचा अंदाज फक्त चार वेळा चुकला. तेव्हापासून तीही खिळ्याला मानू लागली.

पण आज अर्ज जाणं भागच होतं. आठवीतल्या तेजल आणि मिथुनबरोबर दोन महिने खपून तिनं मासे वाळवायची पेटी करून घेतली होती. वर काच, आत काळा पत्रा, माशीला शिरायला जागा नाही. मुख्याध्यापकांच्या सहीचा अर्ज दुपारी चारच्या आत ऑनलाइन भरला नाही, तर पेटी शाळेच्या व्हरांड्यातच राहणार होती.

"लाल आहे हो," तिनं शिक्षकांच्या खोलीत येऊन सांगितलं.

मराठीच्या चंद्रकांताबाई शाळेत सर्वांत जुन्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पालघरला पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं ना त्यांचं? तिथं कोणीतरी काहीतरी सुनावलं असणार. आता ते इथं उतरणार. आज कोणी समोर जाऊ नका."

कोणी गेलं नाही. सगळे घंटेच्या आधी वर्गात पोचले. खेळाच्या मेहुल सरांनी कबड्डी शिट्टीशिवाय, हातवाऱ्यांवर घेतली.

आत काय चाललं होतं, ते हिमानीला फार उशिरा कळलं. प्रशिक्षणाचा विषय होता शालेय नेतृत्व आणि भावनिक बुद्धिमत्ता. चुरी सरांनी वहीत ठळक अक्षरांत लिहून आणलं होतं : 'दार उघडं ठेवा. आधी ऐका.' त्यांनी दाराला वीट लावून ते उघडं ठेवलं होतं, टेबलावर सगळ्यांसाठी आणलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली गोड केळी, मांडली होती आणि ते सकाळपासून ऐकायला तयार बसले होते.

मधल्या सुट्टीत ते स्वतःच शिक्षकांच्या खोलीकडे निघाले. ते येताना दिसताच मेहुल सरांना मैदान आठवलं, चंद्रकांताबाईंना वह्या आठवल्या, आणि सर दारात पोचेपर्यंत खोलीत फक्त पंखा उरला.

परत जाऊन त्यांनी शाळेच्या ग्रुपवर संदेश टाकला : 'कोणाच्या मनात काही असल्यास निःसंकोच सांगावे. तोंडी जमत नसल्यास लेखी चालेल.'

"लेखी!" मेहुल सरांचा चेहरा उतरला. "म्हणजे खुलासा. नेटचं कळलं वाटतं."

"कसलं नेट?" हिमानीनं विचारलं.

"व्हॉलीबॉलचं. भावाच्या वाडीत चिकूवर टाकलंय. वटवाघळं लय येतात, मॅडम."

"आणि मी दोन शनिवार शाळा सुटायच्या आधी अकराचीच बस धरली," चंद्रकांताबाई कागद शोधत म्हणाल्या. "विचारायच्या आधी आपणच लिहिलेलं बरं. तेवढंच शिक्षण खात्यापर्यंत जायचं वाचेल."

आणखी दोघांना महिन्याचे तक्ते एका बैठकीत भरल्याचं आठवलं. बघता बघता चार खुलासे तयार झाले आणि घड्या घालून सरांच्या दाराबाहेरच्या ट्रेमध्ये गेले.

हिमानीकडे खुलासा करण्यासारखं काही नव्हतं. तिच्याकडे अर्ज होता, आणि साडेतीन झाले होते. ती व्हरांड्यात येऊन फडक्याकडे बघत राहिली. सकाळी त्याच्याखाली फरशीवर ओल होती, हे तिला आता आठवलं. सरांचा राग बघून घाईनं टांगलेलं फडकं ओलं कशाला असेल? कोपऱ्यात ठकी झाडत होती. शेजारच्या पाड्यावरची ठकी रोज आवार झाडायला येई.

"ठकी, हे लाल फडकं कोणी लावलं गं?"

"मीच. तीनीपन धुतली. दोन पेरूवर घातली, यो खिळा रिकामा होता."

"आणि येसूबाई?"

"त्या कुठं हायेत आज? भाच्याची हळद हाय ना."

हिमानीला स्वतःचीच लाज वाटली. दिवसभर अख्खी शाळा खिळ्याकडे बघत होती. येसूबाई आल्यात की नाहीत, हे कोणीच पाहिलं नव्हतं.

म्हणजे सर रागावलेले नव्हतेच! ती हसतच आत शिरली.

"या!" चुरी सर गरजले. त्यांनी हातातले चार कागद टेबलावर आपटले. "नेट चिकूवर, बाई बसमध्ये, तक्ते एका बैठकीत भरलेले, आणि तुम्ही हसताय? तुमचा खुलासा कुठला?"

"खुलासा नाही, सर. अर्ज आहे."

"मी सकाळपासून दार उघडं ठेवून बसलोय! एक माणूस आत आला नाही. मी काय वाघ आहे?"

तीन चाळीस. आता खरं सांगण्याइतकाच वेळ उरला होता. हिमानीनं खिळा, बावटा, तीन रंग आणि ठकीचं धुणं एका दमात सांगून टाकलं.

सर उठून खिडकीशी गेले आणि बाहेरचं फडकं बघून आले. मग हळूच म्हणाले, "लाल... किती वेळा असतं?"

"एकसष्ट दिवसांत तेवीस वेळा, सर." बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

"तेवीस," सर म्हणाले. "प्रशिक्षणात स्वतःला गुण द्यायचे होते. मी शंभरपैकी शहाऐंशी दिले." त्यांनी अर्ज ओढला, सही केली, शिक्का मारला. चारही खुलासे घडी करून ड्रॉवरमध्ये टाकले. "नेट तेवढं परत आणायला सांगा. आणि पळा, चारला दहा कमी आहेत."

तीन छप्पनला अर्ज गेला. तेजल आणि मिथुननं पेटीभोवती नाच केला.

दुसऱ्या दिवशी हिमानी आली तेव्हा चुरी सर स्वतः खिळ्यापाशी उभे होते. हातात पिवळं फडकं. समोर हळदीच्या हातांनी येसूबाई.

"येसूबाई, आजपासून हे मी लावणार. माझा राग, मला कळायला हवा."

"लावा की. आमी कुठं नाय म्हनतो?"

सरांनी पिवळं फडकं नीट सारखं करून टांगलं आणि ते वळले. येसूबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे क्षणभर निरखून पाहिलं. मग पिवळं काढलं आणि कमरेला खोचलेलं पांढरं टांगलं.

सर फडक्याकडे बघत राहिले. मग आत जाऊन त्यांनी दाराची वीट बाजूला केली आणि दार लोटून घेतलं.

"चहा टाका, येसूबाई," आतून आवाज आला. "सुकेळी मी त्यानंतर घेऊन येतो."