गुरुबसप्पांचा पाया

निलंग्यातल्या निम्म्या स्लॅबांना गुरुबसप्पांच्या दुकानाचं सिमेंट होतं. स्वतः गुरुबसप्पा मात्र पत्र्याखाली झोपत. त्र्याण्णवच्या भूकंपात डोळ्यांदेखत घराचं मातीचं माळवद खाली आलं, तेव्हापासून डोक्यावर जड काही नको, हा त्यांचा नेम. बायकोने, शिवम्माने, पक्क्या घराचं नाव काढलं, की ते म्हणत, "आपल्या जागेचा भरवसा न्हाई. सिमेंट काय करंल?"

दर उन्हाळ्यात पत्र्याखाली भाजून निघणाऱ्या शिवम्माने यंदा त्यांना कात्रीत पकडलं. जमीन तपासणाऱ्या यंत्राने जागा पक्की ठरवली, तर स्लॅब. नाही ठरवली, तर ती पुन्हा विषय काढणार नव्हती. गुरुबसप्पा लगेच कबूल झाले; यंत्र जागा खराबच ठरवणार, याची त्यांना खात्री होती.

नांदेडहून सुगत नावाचा इंजिनियर आला. त्याने मागच्या मोकळ्या जागेत ओळीने छोटी यंत्रं रोवली, वायरी लॅपटॉपला जोडल्या आणि जमिनीवर लोखंडी प्लेट ठेवून घण उचलला.

"घणाचा हादरा जमिनीतून पळतो, मावशी. कडक जमिनीत जोरात, भुसभुशीत मातीत रेंगाळत. कुणी हलू नका, यंत्र सगळं पकडतं."

घण बसायच्या आधीच पडद्यावरची रेघ थरथरू लागली.

"बघा!" शेवटच्या यंत्राजवळून गुरुबसप्पा ओरडले. "जमीन हालून राहिली! मी काय बोंबलत होतो?"

"शेजारची गिरणी असेल," सुगत म्हणाला.

शिवम्माने धावत जाऊन माणिकप्पाची पिठाची गिरणी बंद करायला लावली. दळण अडलेल्या बायका डब्यांसकट इकडेच बघायला आल्या. त्यांना खाली बसवलं, तरी रेघ थरथरतच होती. तेव्हा त्यांच्यातली शेजारची नीलाबाई खाली मान घालून म्हणाली, "माझी म्हस खुर आपटत असंल, माय." लांब नेताना म्हशीने पायात अडकलेली एक वायर ओढून नेली. ती पुन्हा जोडली. रेघ थरथरतच होती.

"साहेब, लिवून टाका, जागा खराब हाय," गुरुबसप्पा म्हणाले. आवाजात दुःखापेक्षा समाधानच जास्त होतं. शिवम्माला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

सुगत पडद्यावर वाकला. "गंमत आहे. बाकीची यंत्रं गप्प आहेत. शेवटचं एकच हलतंय."

शिवम्माने तिकडे पाहिलं. वारा नव्हता, तरी नवऱ्याचा पायजमा फडफडत होता.

"अहो, त्या बाजेवर बसा. पाय वर घ्या."

"का म्हणून?"

"बसा म्हणते ना!"

गुरुबसप्पांनी बाजेवर मांडी घातली. रेघ सरळ झाली. सुगतने घण हाणला आणि हादरा सुसाट पळाला. हातभर मातीखाली काळा दगड पसरला होता.

"मावशी, पाया एकदम पक्का!"

"पाया पक्काच हाय," नीलाबाई म्हणाली, "पाय तेवढे हालून राहिले!"

बायका पोट धरून हसल्या. शिवम्माला हसू येईना. इतकी वर्षं ती ज्याला हट्ट समजत होती, ती भीती होती. तिला वाईट वाटलं, पण स्लॅब सोडण्याइतकं नाही.

घर झालं. पहिल्याच दुपारी उसाने भरलेला ट्रॅक्टर दारावरून धडधडत गेला आणि खिडक्या वाजल्या. शिवम्मा कणकेच्या हातांनी थेट अंगणात पळाली. बऱ्याच वेळाने तिने दारातून आत डोकावलं. गुरुबसप्पा बाजेवर मांडी घालून बसले होते.

"जमीन पक्की हाय," ते सरकून जागा करत म्हणाले. "ये, तू बी पाय वर घे."