एगबर्टची चौकट

नोर्डरफेन गावच्या बर्फ मंडळाची, म्हणजे स्केटिंग मंडळाची, वेबसाइट कोणत्या फ्रेमवर्कमध्ये करायची यावर ऑक्टोबरपासून तीन बैठका झाल्या होत्या, आणि साइट तसूभरही पुढे सरकली नव्हती. तिच्यावर दिसायचा होता एकच शब्द. गावाबाहेरच्या कुरणात सोडलेलं गुडघाभर पाणी स्केटिंगजोगं गोठलं की 'आहे', नाहीतर 'नाही'. आजवर हे काम खांबावरचा झेंडा करत असे. पण मंडळातला वुब्बो पडला शहरातल्या कंपनीतला प्रोग्रामर. "अजून झेंडे काय लावताय? जग कुठे चाललंय!" असं म्हणत त्यानेच झेंडा बंद करण्याचा ठराव आणला आणि एकमताने मंजूरही करून घेतला.

घोडं अडलं ते योरितपाशी. योरितही प्रोग्रामर, पण दुसऱ्या कंपनीत.

"रिअ‍ॅक्ट हे फ्रेमवर्क घेऊ," वुब्बो म्हणाला.

"एका शब्दासाठी? डास मारायला तोफ कशाला? व्ह्यू घे, हलकं आहे."

"हलकं आहे म्हणूनच तुला आवडतं."

अध्यक्ष हिलेखीनबाईंनी दोघांपुढे कॉफी आणि एकेक बिस्कीट ठेवलं, डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाल्या, "भांडू नका. सगळ्यांचं ऐकून घेऊ." सगळ्यांचं ऐकून घेता घेता नाताळ आला.

तिसऱ्या बैठकीत वुब्बोचे सासरे एगबर्ट यांनी विचारलं होतं, "हे फ्रेमवर्क म्हणजे काय रे?"

"चौकट हो, बाबा. आधी चौकट ठरवायची, मग बाकीचं."

"चौकट होय! चाळीस वर्षं खिडक्यांच्या चौकटीच केल्या मी. एका दुपारचं काम. माप सांग."

तेव्हा वुब्बो आणि योरित पहिल्यांदाच एकदिलाने हसले. बर्फाची जाडी तपासणारे मंडळाचे बर्फप्रमुख म्हणून एगबर्ट यांचा हा शेवटचा हिवाळा होता. चार वर्षं कुरण धड गोठलंच नव्हतं. पद सोडण्याआधी एकदा तरी आपल्या हाताने गावासाठी बर्फ खुलं करावं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा होती, आणि जावयाला त्याची गंधवार्ता नव्हती.

चौथ्या बैठकीत हिलेखीनबाईंनी तोडगा काढला. लोकांना दिसणारा शब्द वुब्बोच्या फ्रेमवर्कमध्ये, तो बदलायचं बटण योरितच्या! इंग्रजी शब्द त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून वृत्तांतात लिहिलं, 'यापुढे बर्फाची घोषणा केवळ चौकटीतूनच होईल.'

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. गुरुवारी एगबर्टनी बर्फाला भोक पाडून जाडी मोजली. दहा सेंटिमीटर, स्केटिंगला भरपूर!

"वुब्बो, 'आहे' कर!"

"जरा थांबा, बाबा. बटण दाबलं तरी शब्द बदलत नाहीये. योरितचा घोळ आहे."

"बटण ठणठणीत आहे," योरित फोनवर ओरडला. "शब्दच हट्टी आहे, मालकासारखा."

फाटकाशी अख्खं गाव गळ्यात स्केट्स अडकवून उभं होतं. हिलेखीनबाई वृत्तांताची वही छातीशी धरून होत्या. "घोषणेशिवाय फाटक उघडता येत नाही. ठराव आहे." शनिवारपासून बर्फ वितळणार, असं रेडिओ सांगत होता. एगबर्ट तडक घरी गेले, आणि दुपारभर त्यांच्या शेडमधून करवतीचा आवाज येत राहिला.

शुक्रवारी सकाळी ते एक लाकडी चौकट घेऊन आले. आत उलटसुलट फिरणारी फळी, एका बाजूला 'आहे', दुसऱ्या बाजूला 'नाही'. चौकट त्यांनी फाटकाला टांगली.

"हे काय?" हिलेखीनबाईंनी विचारलं.

"चौकट. वाच तुझी वही."

बाईंनी दोनदा वाचलं. कुठे बोट ठेवायला जागा सापडेना, तेव्हा त्यांनी निमूट फाटक उघडलं. घटकाभरात सारं गाव बर्फावर होतं आणि वाटाण्याच्या सूपचं पातेलं काठावर वाफाळत होतं. एगबर्ट हात पाठीमागे बांधून सगळ्यांच्या पुढे पहिली फेरी मारत होते, आणि त्यांचे डोळे थंडीने पाणावले होते असं ते सांगत होते.

वुब्बो धापा टाकत आला. "मला कुणी बोलावलं का नाही?"

"तुझी साइट काय म्हणते?" एगबर्टनी विचारलं.

"सध्या... 'नाही' म्हणते."

"मग तू कसा उतरतोस, जावईबापू? सगळ्यांनी साइट बघून यायचं, हे तुझंच म्हणणं ना?"

वुब्बोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो तसाच घरी परतला आणि दोन दिवस योरितशी फोनवर भांडत, दोन्ही फ्रेमवर्कांचं लग्न लावत बसला. अखेर रविवारी सकाळी बटण दाबताच 'आहे' झळकलं. त्याने आनंदाने स्केट्स उचलल्या आणि फोनवरची नजर न काढता कुरण गाठलं. एगबर्ट बर्फाभोवतीचे दिवे उतरवत होते म्हणून फाटक उघडंच होतं. फाटकावरची फळी आदल्या दुपारीच 'नाही'वर फिरली होती, पण फळीकडे बघतो कोण! त्याने काठावर बसून स्केट्स बांधल्या आणि ऐटीत पाऊल टाकलं.

कडकड आवाज झाला. गुडघाभर गार पाण्यात वुब्बो उभा होता. फोन तेवढा त्याने डोक्यावर धरून कोरडा ठेवला होता.

एगबर्ट काठावर येऊन फोनकडे निरखून पाहू लागले. "साइट छान 'आहे' हो. बर्फ मात्र 'नाही'."

मग त्यांनी फाटकावरची चौकट काढली आणि जावयाला बाहेर ओढायला पुढे केली. "धर हिला घट्ट. ही चालते."