मनगटीच्या चंद्रकोरीचे वर्तमान

श्री वाग्देवी तुष्ट असो, ऐकणारांचे घरी सुख असो. शके अकराशें दोन, शार्वरी नाम संवत्सरे, वैशाख मासी, फिरंगाणाचे दक्षिणेस एक राज्य, तेथे ऐसे वर्तले. दोन प्रहरी लेक निजली, घर शांत जाहले, तों चुलीवरील भांड्याचे झाकण खडखडले आणि सौरिनाबाई दचकून उठल्या, भांडे उतरवितात तों दारी शिपाई उभा. "बाई, तुमचे यजमानांस सरकारांनी धरिले. आज अस्तमानी जीभ छाटणार."

यजमान म्हणजे एमेरिक कवीश्वर, दरबारचे गाणारे. त्या देशीची चाल ऐसी की, कवीने धन्याचे राणीवर प्रेमाची पदे करावी, तिला टोपणनाव देऊन गावी आणि तिचे खरे नाव प्राण गेला तरी सांगू नये. घरच्या बायकोवर पद केले तर लोक हसत. ते दिवशी कवीश्वरांनी "पहाटचांदणीचे मनगटी चंद्रकोरीचा डाग" ऐसे आरंभिले, आणि राणीसाहेबांचे मनगटी ससाण्याचे नखाचा डाग तैसाच, बाह्यांखाली झाकलेला. सरकार तेथेच उठले, म्हणाले, "हा तुम्ही कोठे पाहिला? नाव सांगा!" कवीश्वरांनी नाव सांगितले नाही, म्हणून धरिले.

शिपायाकडून हे सारे ऐकून सौरिनाबाईंनी लेकीस कडेवर घेतले आणि धावत दरबार गाठिला. वाटेने मनात एकच, की राणीचाच डाग असेल, असो, पण जीभ वाचो. सरकारांपुढे पदर पसरून बोलिल्या, "सरकार, मरणारांसही बोलणे पुरे करू देतात. यांचे पद तरी पुरे होऊ द्या." सरकार म्हणाले, "गा!" कवीश्वर गाऊ लागले, की त्या मनगटास ऊन दुधाचा वास, ती लेकीस मांडीवर घेऊन एके हाती वाटाणे सोलिते, आणि सोलता सोलता डुलकी खाते. ते ऐकून सौरिनाबाईंनी आपली बाही वर सारिली. तेथे तव्याचे कडेने भाजलेली कोर.

राणीसाहेब खळखळून हसल्या. "वाटाणे! अहो सरकार, आम्ही जन्मात वाटाणा सोलिला नाही. हा वेडा तर बायकोवर गातो!" सरकारही हसले, दरबार हसला, बेडी निघाली.

बाहेर येताच बाई रडत रडत रागावल्या. "अहो, बायको म्हणून सांगायला काय झाले होते? माझा तर प्राण गेला होता!" कवीश्वर खाली पाहून म्हणाले, "नाव सांगू नये, ऐसी रीत."

सारांश, जीभ राहिली, दरबारी अब्रू गेली, आणि तिघे घराकडे चालिली. बाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरिला होता. कडेवरची लेक ब्रुना गळ्यास बिलगून म्हणाली, "आई, हे गाणे तुझे. मग आधीची सगळी गाणी कोणाची?"