द डॅम्प अंब्रेला, अल क्वोजमध्ये

निनाद शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता. एकदा तो पंपाच्या दुरुस्तीचा व्हिडिओ बघत होता. तो संपला आणि पुढचा आपोआप सुरू झाला. जरा ऐकून निनाद म्हणाला, "याचं बेअरिंग गेलंय."

पण ते गाणं होतं. 'द डॅम्प अंब्रेला' नावाचा इंग्लंडचा बँड गिटारबरोबर व्हॅक्यूम क्लीनर आणि टोस्टर वाजवत होता. निनादला ते इतकं आवडलं की गाडीत दुसरं काही लागेचना. "डॅडी, दिस इज सो वियर्ड," म्हणत लेकीने स्कूलबस धरली.

बँड दुबईत येतोय हे कळल्यावर त्याने बायकोला, अस्मिताला, अल क्वोजच्या गोदामातल्या त्या कार्यक्रमाला ओढूनच नेलं.

गायक डोक्यावर बादली घालून स्टेजवर पालथा पडला होता. टोस्टर धुमसत होता. लोक माना डोलवत होते. तेवढ्यात निनादला वास आला.

"अस्मिता, वायर जळतेय."

"टोस्ट जळतोय. गप्प बस."

"अगं, हा रबराचा वास आहे!"

"मग तेही वाद्य असेल त्यांचं!"

स्पीकरमागून काळा धूर वर चढला. लोकांनी शिट्ट्या मारत फोन उंचावले. निनादने दाराकडे पाहिलं. खरं असेल तर एवढी माणसं एकाच दारातून कशी निघणार? आणि खोटं असेल तर आपली शोभा. तो धावत दाराजवळच्या गार्डकडे गेला.

"भाई, आग लगी है!"

"सर, शो है," गार्ड शांतपणे म्हणाला.

धुरात ठिणगी उडाली. निनाद भिंतीवरचं फायर एक्स्टिंग्विशर उचलून स्टेजवर चढला, बादलीवाल्याला ओलांडून त्याने मेन स्विच पाडला आणि अंधारातच स्पीकरवर पांढरा फवारा सोडला.

आवाज खलास. मग फोनच्या उजेडात मागून एकच टाळी वाजली आणि पाठोपाठ सगळं गोदाम उभं राहून टाळ्या पिटू लागलं.

दिवे आले तेव्हा गायक जळकी केबल हातात धरून उभा होता. त्याने निनादला मिठीच मारली. "उद्या अबू धाबीच्या शोला याल?"

"वायरिंग तपासायला? येतो की."

"तेही करा. पण शेवटी स्विच तुम्हीच पाडा. असा शेवट आम्हाला कधी जमला नव्हता. आणि त्या पहिली टाळी वाजवणाऱ्या बाईंनाही आणा."

गायकाचं बोट अस्मिताकडे होतं. निनादने भारावून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुला कळलं होतं, मी काय केलं ते?"

"कसलं काय," ती पुटपुटली, "मला वाटलं, संपलं एकदाचं."