नऊ लाथा

"सात बाळंतपणं केली ह्या हातांनी! पोटातल्या लेकराची खुशाली मला मोबाईलनं सांगावी व्हय?" तेर गावच्या कस्तुराबाई गरजल्या.

आठव्या महिन्यातली नातसून ज्ञानेश्वरी हसली. मोबाईलवरच्या डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, दोन तासांत बाळानं दहा लाथा मारल्या पाहिजेत. दर लाथेला गुलाबी बटण दाबायचं. "आजी, तुम्हीच मोजा. मला झोप येतीय."

एक हात पोटावर, दुसऱ्यात मोबाईल! खळ्यावर रास मोजायला बसावं तशा कस्तुराबाई ठाण मांडून बसल्या. दोन तास संपले आणि मोबाईल बोलला, "नऊच हालचाली. ताबडतोब डॉक्टरांना भेटा!"

कस्तुराबाई ताडकन उठल्या. पन्नास वर्षांपूर्वी त्यांचं पहिलं पोट असंच गप झालं होतं. "निजलं असंल," सासू म्हणाली होती. ते लेकरू उठलंच नाही.

"रामहरी, ती धाराशिवची जीप थांबव!" त्यांनी लेकाला हाक मारली.

"आई, अगं एक लाथ कमी म्हंजे..."

"थांबव म्हणते ना!"

जीपमध्ये अकरा माणसं आणि एक बोकड. "आमची लाथ हरवलीय, सरका!" म्हणत कस्तुराबाई नातसुनेला घेऊन घुसल्या. बोकडसुद्धा सरकला! रामहरीला मात्र जागा उरली नाही.

दर खड्ड्याला त्या विचारत, "हललं का गं?"

"आजी, सगळी जीपच हलतीय, काय सांगू!"

धाराशिवच्या दवाखान्यात सिस्टरनं पोटावर यंत्र टेकवलं. धडधड, धडधड! घोडं उधळावं तसे ठोके!

"बाळ ठणठणीत आहे. आजी, मोजलं कसं?"

"कसं म्हंजे? लाभ, दोन, तीन..."

"लाभाला बटण दाबलं?"

"लाभाला कशाला? त्यो देवाचा!"

धान्याच्या पहिल्या मापाला 'एक' नव्हे, 'लाभ' म्हणतात. हे सिस्टरला ठाऊक होतं, मोबाईलला नव्हतं. सगळा वॉर्ड हसला. सिस्टर तेवढी हसली नाही. "आलात ते बरं केलंत. शंका आली की घरी बसायचं नाही."

घरी रामहरी दारातच उभा होता. "एका लाथेसाठी धाराशिव गाठलंस व्हय आई?"

"तवा एक बी लाथ नव्हती, तरी मला कुणी नेलं न्हाय," कस्तुराबाई म्हणाल्या.

रामहरीचं हसू मावळलं.

कस्तुराबाईंनी ताठ मानेनं उंबऱ्याशी चपला काढल्या. एक त्यांची होती. दुसरी रामहरी सकाळपासून घरभर शोधत होता.