तांबोळी मामांची मोजणी

तांबोळी मामा कुठेही बसण्याआधी वारा बघायचे. खिशातला रुमाल काढून हात वर धरायचा, तो कुठल्या बाजूला फडफडतो ते पाहायचं आणि मग वारा येतो त्या अंगाला, बाहेर पडायच्या वाटेजवळची जागा धरायची. कारखान्यात हे शोभून दिसायचं. पण मी त्यांना लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवर आणि एकदा चक्क मयताच्या दारात रुमाल धरून उभं राहिलेलं पाहिलंय. घरची मंडळी रडायची थांबून त्यांच्याकडे बघत होती.

मामा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत फायर सुपरवायझर होते आणि मी तिथं वर्षभरासाठी आलेला ट्रेनी. आमच्या पॉलिटेक्निकच्या डिप्लोम्यात एक अख्खं वर्ष कारखान्यात काढावं लागे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शिरूरचा, दौंडला खोली घेऊन राहिलो होतो आणि कंपनीच्या बसने ये-जा करायचो. कॉलेजात वाटायचं, कंपनीवाले आपल्या वाटेकडे डोळे लावून बसले असतील. तिथं गेल्यावर कळलं, की ट्रेनी म्हणजे ना घरचा ना घाटचा. कामगार आम्हाला साहेबांत धरत आणि साहेब कामगारांत. हजेरीपटावर नाव नाही, गेटवर कार्ड नाही. दिसला ट्रेनी की त्याला झेरॉक्स आणायला पिटाळायचं, एवढीच आमची ओळख.

पहिल्या दिवशी मामांनी मला ताब्यात घेतलं. मला वाटलं आता मोठमोठी यंत्रं दाखवतील. त्यांनी दारं दाखवली. सगळी दारं, जिने, पत्र्यामागची बोळं, कंपाऊंडला असलेली एक गंजकी फटसुद्धा. "आत कसं शिरायचं त्ये कुणीबी शिकवील," ते म्हणाले, "भाईर कसं पडायचं त्ये माझ्याकडनं शिक." 'आधी भाईर, मग इच्यार' हे त्यांचं ब्रीद होतं आणि ते त्यांनी आयुष्यातल्या सगळ्या प्रसंगांना लावलं होतं. सासुरवाडीतल्या भांडणालासुद्धा.

त्यात फजितीही व्हायची. एकदा दुपारी कसलासा उग्र वास आला, घसे खवखवले. मामांनी रुमाल वर केला, शिट्टी फुंकली आणि अख्खी कँटीन अर्ध्या जेवणावरून उठवून माळावर नेली. तासाभराने कळलं, की आचाऱ्याने ठेच्यासाठी मिरच्या जरा जास्त परतल्या होत्या. तो आत एकटाच बसून सगळ्यांच्या वाटणीचं श्रीखंड खात होता. मामा जराही वरमले नाहीत. "ठसका बसला म्हंजी भाईर. कशाचा बसला त्ये मागाहून," असं म्हणून ते हात धुवायला गेले.

दौंडात त्यांच्या घरी मी वरचेवर जेवायला जायचो. अंगणात त्यांनी रुळाचा तुकडा टांगला होता. मनात आलं की ते त्यावर हातोडी हाणायचे आणि मामी पिठाच्या हातांनी निमूटपणे येऊन लिंबाखाली उभ्या राहायच्या. मामा एक बोट त्यांच्याकडे करायचे, एक स्वतःकडे, मान डोलवायचे, आणि झाली तालीम. "तव्यावर भाकरी जळती, ती सोडवायला बंब येत न्हाई," मामी मला म्हणायच्या. पण बोलावलं की यायच्या.

माझं वर्ष संपत आलं तेव्हा कंपनीत मोठी तालीम ठरली. भोंगा वाजला की सगळ्यांनी हातातलं काम टाकून गेटजवळच्या वडाखाली जमायचं, तिथं डोकी मोजायची आणि सगळे आलेत असं मामांनी सांगितलं की दुसरा भोंगा. मुंबईहून बडे साहेब बघायला येणार होते. तालीम झटपट पार पडली तर मामांना ऑफिसर करायचं घाटत होतं. इतकी वर्षं मागितलेली बढती. केबिन मिळाली तर खुर्ची दाराकडे तोंड करूनच लावणार, हे त्यांनी सबंध बसला सांगून ठेवलं होतं. मामींनी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून टांगला होता.

त्या दिवशी सकाळी मेंटेनन्सच्या साहेबांनी मला टेम्पोत बसवून दौंड स्टेशनावर पंपाच्या भागाचं पार्सल आणायला पाठवलं आणि स्वतः कामाला पुण्याला निघून गेले. ट्रेनीची गेटवर नोंद कोण घेतो? मी बाहेर गेल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढचं मला नंतर बसमधल्या लोकांनी सांगितलं. भोंगा झाला, लोक धावत आले, हजेरीपटाशी आकडा जुळला. मॅनेजरांनी खुशीत घड्याळ पाहिलं. मुंबईकर साहेब टाळ्यांसाठी हात उचलणार, एवढ्यात मामा म्हणाले, शिरूरचं ट्रेनी पोरगं दिसत नाही. मॅनेजर हळूच त्यांच्या कानाशी लागले, की तो पटावर नाही, द्या भोंगा. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, पाठीवर हवेचा सिलिंडर चढवला, तोंडाला मुखवटा लावला आणि आत शिरले. बाहेर आले, पुन्हा शिरले. मुंबईकरांचे टाय घामाने भिजले. तालीम आहे, खरी आग नाही, असं कुणीतरी ओरडून सांगितलं. मामांना ते ऐकू गेलं नसावं.

मी टेम्पोतून उतरलो तर सगळी कंपनी माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात मामा बाहेर आले. इस्त्रीच्या शर्टाचं पोतेरं झालं होतं. त्यांनी मुखवटा वर केला, सरळ माझ्याकडे आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मागे वळून भोंग्याची खूण केली.

केबिन अर्थातच गेली. पुढच्याच महिन्यात बाहेरून एक डिप्लोमावाले ऑफिसर आले. मामांनी त्यांना पहिल्या दिवशी सगळी दारं दाखवली.

माझ्या शेवटच्या दिवशी बसमध्ये मी मामांशेजारी बसलो आणि मनातलं बोलून टाकलं, की माझ्यापायी तुमची खुर्ची गेली.

"खुर्चीचं सोड रं," ते म्हणाले. "आत शोधत फिरताना मी तुझ्या आईला काय सांगायचं त्ये जुळवीत हुतो. बाईला मी कवा बघितलंबी न्हाई. पयलं वाक्यच सापडंना मला, संतोष."

मी म्हटलं, मामा, रविवारी माझ्याबरोबर शिरूरला चला. लगेच हो म्हणाले.

रविवारी माझी वळकटी त्यांनीच खांद्यावर घेतली. मी नको नको म्हणत होतो. न्हावऱ्यावरून एसटीने आम्ही दुपारी घरी पोचलो. आई दारात आली. मामांनी वळकटी खाली ठेवली, टोपी नीट केली आणि माझ्या पाठीला हात लावून मला पुढे सरकवलं.

"ताई, हे तुमचं पोरगं. वर्षभर आमच्याकडं हुतं. जसंच्या तसं हाय, मोजून घ्या."

आई हसली आणि हसता हसताच तिने पदर डोळ्यांना लावला. मग पानं घेतली. मामा मान खाली घालून जेवत होते. वाढता वाढता आईने सहज विचारलं, "भाऊ, तुम्हाला मुलं किती?"

मामांनी हातातला घास ताटात ठेवला.

"आमाला न्हाईत, ताई," ते म्हणाले. "पण कंपनीत दरसाल दोन-तीन येत्यात. वर्षाच्या बोलीवर."

आईने न विचारता त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मामांनी हात आडवा घातला नाही.